दावीद काकांच्या सिनेमाचा शेवट

डिसेंबर लागल्याचं मला संत्र्याच्या वासावरून कळतं. ऑफिसात, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी संत्रं सोलायला घेतं, सालीचा बारीक फवारा उडतो आणि शेजारच्याचे डोळे चुरचुरतात. तिकडे विधिमंडळाचं अधिवेशन भरलेलं असतं. अर्धे रस्ते बांबू लावून बंद, जागोजागी मोर्चे अडवलेले, आणि मी कानाला मफलर गुंडाळून स्कूटरवरून भलत्याच गल्ल्यांमधून घर गाठत असतो. नागपूरची थंडी तशी मोजून पंधरा-वीस दिवसांची. पारा आठावर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि तिळाचे भाव वाढतात. बर्फाचा आणि आमचा काही संबंध नाही.

तरी या दिवसांत मला बर्फच आठवतो. एका लहानशा रेल्वे स्टेशनवर पडणारा, कौलांवर साचलेला, कंदिलाच्या उजेडात पिवळट दिसणारा. तो मी दावीद काकांच्या घरी पाहिला, दहा बाय बाराच्या खोलीत, तीसेक माणसांच्या मध्ये मांडी घालून.

उत्तर नागपुरातली आमची गल्ली अकरा घरांची. सात घरं बौद्धांची, त्यातलं एक आमचं, तीन हिंदूंची, आणि कोपऱ्यावरचं एक दावीद काकांचं, ख्रिस्ती. काका अजनीला रेल्वेत फिटर होते. रूथ काकू घरीच बालवाडी चालवायच्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याकडून बाराखडी शिकली. नाताळाच्या आठवडाभर आधी त्यांच्या घरातून तळणाचा वास सुरू व्हायचा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. आई म्हणायची, "आपली दिवाळी सरली का ह्यायची लागते." नानकटाया मात्र घरी भाजत नसत. पत्र्याच्या ट्रेमध्ये त्या ओळीनं मांडून बेकरीत न्यायच्या आणि भट्टी मोकळी होईपर्यंत बाहेर उभं राहायचं. त्या दिवसांत बेकरीसमोर ट्रे घेतलेल्या बायकांची रांग असे, आणि कुणाची नानकटाई फुलली, कुणाची बसली, याची चर्चा जानेवारीपर्यंत पुरे. मग क्रोशाच्या रुमालानं झाकलेली ताटं घरोघर जायची. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून आई त्यात संत्री ठेवायची. काकूंकडे त्या आठवड्यात दहाही घरांची संत्री जमत आणि ती खायला पुन्हा आम्हीच जात असू.

सिनेमा या सगळ्याच्या मधोमध होता. एका नाताळाच्या दुपारी तो टीव्हीवर लागला. काकांनी नुकताच गल्फहून परतलेल्या कुण्या मित्राकडून व्हीसीआर घेतला होता. रेल्वे स्टेशनचं चित्र दिसताच त्यांनी हाताला लागली ती कॅसेट आत ढकलली आणि बटण दाबलं. कॅसेट होती तीन तासांची, पण तिच्यात आधीच काकांच्या पुतणीचं लग्न भरलेलं होतं, पन्नास मिनिटांचं. उरली दोन तास दहा मिनिटं. जाहिराती धरून सिनेमा त्याहून मोठा. त्यामुळे शेवटचा भाग कॅसेटमध्ये आलाच नाही. आणि नेमका त्या वेळी काकांकडे पाहुणे आल्यानं टीव्हीवरही तो कुणी धड पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी नाताळाला जेवणाआधी काकांनी ती कॅसेट लावली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ती रीतच पडली. सकाळी त्यांची मंडळी चर्चमधून आली की अकराच्या सुमारास गल्लीतली माणसं जमत. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडकीवर चादर टाकायची, पुढचं दार लावायचं. आधी पुतणीचं लग्न पुढे पळवायचं. नवरा-नवरी धावत धावत केक कापायचे, त्यावर पोरं दरवर्षी तितकीच हसायची. मग बर्फ.

गोष्ट साधी. डोंगरातलं एक स्टेशन, त्यात एकटा म्हातारा स्टेशनमास्तर. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी गाडी बर्फात अडकते आणि सात प्रवासी त्याच्या खोलीत येतात. शेगडी एक, पाव एक. प्रवासी भांडतात, मग भांडून थकतात. लाकूड संपतं तसा म्हातारा स्टेशनचा बाक तोडून जाळतो, मग टेबल, मग स्वतःची खुर्ची. भिंतीवर एका मुलाचा फोटो असतो, त्याच्याकडे तो अधूनमधून पाहतो. शेवटी दारावर थाप पडते. म्हातारा कंदील उचलतो, दारापाशी जातो, कडीला हात लावतो, आणि पडद्यावर मुंग्या. आमची कॅसेट तिथं संपायची.

सिनेमा इंग्रजी होता. काकांचं इंग्रजी रेल्वेपुरतं. सिग्नल, शंटिंग, ब्रेकडाऊन एवढे शब्द पक्के. बाकी ते चेहऱ्यावरून लावायचे.

"काका, हा का म्हणून राहिला?"

"म्हणून राहिला का फर्स्ट क्लासचं तिकीट हाय माझ्यापाशी, मी शेगडीजवळ बसीन."

"मंग मास्तर?"

"मास्तर म्हणते, शेगडीले क्लास नसते, सरक."

बायकांचं वेगळंच चाललेलं असे. "बाप्पा, एवढ्या थंडीत उघड्या गळ्याची फिरून राहिली वं ते!" ही तक्रार एका तरुण प्रवासिनीबद्दल दरवर्षी व्हायची. एका वर्षी माझ्या आईनं तर हातातलं विणकाम उचलून टीव्हीच्या दिशेनं धरलं होतं. फोटोतल्या मुलाबद्दल मात्र कुणी विचारलं की काका म्हणायचे, "पुढं पाहा." पुढं काही नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मुंग्या आल्या की काका उठायचे, टीव्हीचा आवाज बंद करायचे, आणि दारात कोण होतं ते सांगायचे.

पहिल्या वर्षी दारात गँगमन होता. रूळ मोकळे झाले हे सांगायला बर्फातून चालत आलेला, मिशा गोठलेल्या. गल्लीजवळच्या कापड गिरणीला टाळं लागलं त्या वर्षी दारात एक मिस्त्री होता, हातात अवजारांची पेटी. त्यानं जेवण मागितलं नाही, काम मागितलं. स्टेशनमास्तरनं त्याला तुटलेल्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हटलं, "ये गा, काम तर लय पडलं हाय." खोलीत चार माणसं गिरणीतली होती. त्यातल्या एकानं खाली मान घातलेली मला अजून दिसते.

माझे वडील गेले त्या वर्षी मी अकरावीत होतो. नाताळ जवळ आला तसं आईनं ठरवून टाकलं की यंदा आपण जायचं नाही, बरं दिसत नाही. काकू ताट घेऊन आल्या तेव्हा तिनं तसं सांगितलं. काकूंनी ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "बाई, नाताळाच्या त्या रात्री आमच्या प्रभूच्या मायबापाले कोणी जागा नव्हती देली. पोट घेऊन फिरली ते बिचारी घरोघर. तेच तं आठवाचं असते ह्या दिवशी. तुम्ही घरी बसल्या तं मी काय आठवू?"

आम्ही गेलो. त्या वर्षी दारात एक बाई होती, सोबत दोन लेकरं. तिला आत यायचं नव्हतं. तिनं नुसतं विचारलं, गाडी कधी सुटेल. मास्तर म्हणाला, गाडीचं मला माहीत नाही, पण पोरांचे पाय ओले आहेत. काकांनी एवढंच सांगितलं आणि बसले. आईनं पदरानं चष्मा पुसला. माझ्या लहान भावानं खरंच स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

नाताळावर नंतर मी थोडंफार वाचलं, दोनदा काकांबरोबर चर्चमध्ये जाऊन प्रवचनही ऐकलं. चांगलं होतं. पण नाताळ म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं तर मी अजूनही त्या खोलीचं माप सांगेन. दहा बाय बारा म्हणजे एकशेवीस चौरस फूट. त्यात पलंग, कपाट, टीव्हीचं टेबल. उरलेल्या जागेत तीस माणसं बसत नाहीत. तरी बसायची, आणि उशिरा येणाऱ्यासाठी काका म्हणायचे, "सरका गा थोडे." प्रत्येक वेळी सरकायला जागा निघायची.

एका माणसासाठी मात्र ती निघाली नाही. काकांचा मुलगा अनिल माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. हाताशी येईल ते वाजवायचा. डबा, टेबल, शाळेचा बाक. काकांनी त्याच्यासाठी रेल्वेतल्या भरतीची खटपट केली होती. परीक्षेच्या दिवशी अनिल परीक्षेला गेला नाही, एका ऑर्केस्ट्राबरोबर ड्रम वाजवायला निघून गेला. आठवड्यानं परत आला तेव्हा काका पुढच्या दारात उभे होते. मोठ्यानं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवशी निम्म्या गल्लीनं ऐकलं. "या दारातून पुन्हा आत येऊ नको." अनिल पिशवी न उतरवताच वळला.

काका शब्दाचे पक्के होते, आणि अनिल त्यांचाच मुलगा. त्यानंतर सिनेमा दरवर्षी लागला आणि दारात दरवर्षी कुणी ना कुणी आलं. भाजीवाली आली, हरवलेला शिपाई आला, परीक्षेत नापास झालेली मुलगी आली. मुंग्या आल्या की काकू स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि शेवट ऐकून आत जायच्या. त्या कशासाठी येत हे आम्हा सगळ्यांना समजत होतं. मुलगा परत आला, असं काकांनी कधीच सांगितलं नाही. एकदा काकूंनी न राहवून विचारलंही, "फोटोतलं पोरगं कधी आणता?" काका म्हणाले, "त्याच्या मनात आलं तं येईन तो. मी सिनेमात आणून काय फायदा?"

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दफनासाठी अनिल आला. पुढच्या खोलीत काकांना ठेवलं होतं, अंगणात माणसं उभी होती. तो मागच्या बोळातून आला, मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून. पुढे काकूंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तो नागपुरात परत आला तो राहिलाच. स्पीकर दुरुस्तीचं काम करतो, दोन-चार मुलांना ड्रम शिकवतो, आईचं सगळं बघतो. गेली सहा वर्षं तो त्या घरात राहतो आहे आणि पुढच्या दारानं आत आलेला मी त्याला एकदाही पाहिलेला नाही. गाडी बोळात लावतो, भाजी मागच्या दारानं आणतो. नाताळाला पुलावाचं पातेलं मागच्या अंगणात चुलीवर चढवतो आणि दिवसभर तिथंच असतो. जेवतोही तिथंच, पाटावर. कुणी बोलावलं तर म्हणतो, "पुलाव लागन ना खाली." गल्लीला कारण माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं.

माझी नोकरी वजनकाटे तपासायची. दुकानदाराचं किलो खरोखर किलो आहे का, ते पाहायचं. त्यामुळे असेल, अर्धी राहिलेली वस्तू मला बोचते. व्हीसीआर मोडला, कॅसेटला बुरशी लागली, तरी त्या सिनेमाचा शेवट माझ्या डोक्यात राहिला होता. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी माझ्या मुलीला, प्राचीला, त्याची गोष्ट सांगितली. तिनं मोबाइलवर काहीबाही लिहिलं आणि चहा गार व्हायच्या आत सिनेमा माझ्यासमोर धरला. अख्खा. इतकी वर्षं मी तो शोधत होतो असं नाही, पण मिळाल्यावर तिथंच बसून शेवटपर्यंत पाहिला.

दारात रेल्वेचा मोठा साहेब असतो. स्टेशन बंद होणार नाही, असा हुकूम घेऊन आलेला. मग सगळे नाचतात. भिंतीवरचा फोटो स्टेशनमास्तरचाच, त्याच्या लहानपणचा. शेवट नीट होता, कुठं काही सुटलेलं नव्हतं. मी मोबाइल बंद केला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

मागच्या नाताळात मी तो सिनेमा काकूंना दाखवायचं ठरवलं. जे आहे ते पूर्ण दिसावं, एवढाच माझा हेतू. काकू आता ब्याऐंशीच्या. टीव्ही भिंतीवरचा, मोठा. माणसं पूर्वीइतकी नाहीत, पंधरा-सोळा; काही जुन्यांची मुलं, काहींच्या सुना. खिडकीवर चादर, पुढचं दार लावलेलं. प्राची मोबाइल टीव्हीला जोडत होती.

"थांब वं पोरी," काकू म्हणाल्या. "पुरा हाय का तो?"

"हो आजी, शेवटपर्यंत."

"मंग राहू दे."

मी म्हणालो, "काकू, खरा शेवट पाहायचा नाही का?"

"तू पाहिला ना? कोण होतं दारात?"

"साहेब. रेल्वेचा मोठा साहेब."

"घ्या!" काकू हसल्या. "नाताळाले साहेब काहून येते? जयंतीले येते साहेब, हार घालून घ्याले." सगळी खोली हसली. "बंद कर ते. सुधीर, तूच सांग गा. तुले ध्यानात राहते सगळं. ह्यायचे शेवट सांग."

मला गोष्ट रंगवता येत नाही. मी जसे आठवले तसे सांगत गेलो, कोणत्या वर्षी कोण. गँगमन. मिस्त्री. तेव्हा गिरणीतल्या त्या माणसाचा मुलगा म्हणाला, "तो आमच्या बाबासाठी होता. बाबा सांगत." आईची गोष्ट आली तेव्हा मी जरा घाईनं पुढे गेलो. नापास मुलगी म्हणजे कोण हे ओळखून दोन बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. ती मुलगी आता मुख्याध्यापिका आहे आणि समोरच बसली होती.

"झालं?" कुणीतरी म्हणालं.

"अन् शेवटच्या वर्षी?"

आवाज स्वयंपाकघराकडून आला. अनिल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात झारा. केव्हापासून होता कोण जाणे. "मी नव्हतो," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षी काय सांगितलं बाबानं?"

काकूंनी हातातला रुमाल घट्ट धरला. मला कळलं की तो काय विचारतो आहे, आणि हेही कळलं की मला हवा तो शेवट मी इथं रचून देऊ शकतो. खोलीतला एकही माणूस मला अडवणार नाही. पण काट्यावर बोट ठेवायची मला सवय नाही.

"शेवटच्या वर्षी काका बोलू शकत नव्हते," मी म्हणालो. "अर्धांग झालं होतं. मुंग्या आल्या, आम्ही सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग ओशाळून दुसरीकडे पाहिलं. त्यांनी डावा हात वर केला. आम्हाला वाटलं टीव्ही बंद करा म्हणतात. बंद केला. हात खाली येईना. दाराकडे होता. मग माझ्या आईनं उठून दार उघडलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. जेवणं सुरू होईपर्यंत दार तसंच होतं. थंडी होती, वारं आत येत होतं. ते बाहेर गल्लीकडे पाहत होते. कुणी आलं नाही."

"मीच लावलं मंग ते," काकू हळूच म्हणाल्या. "मी ताटं घेऊन आली. मले वाटलं, वारं लागून राहिलं ह्यायले."

अनिलनं विचारलं, "कोणतं दार?"

"पुढचं."

"पुढचंच?"

"पुढचं," मी म्हणालो. "मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्याचा अर्थ काय, ते मला माहीत नाही. जेवढं पाहिलं तेवढं सांगितलं."

त्यानं झारा ओट्यावर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज आला, मग मागच्या दाराची कडी वाजली, मग काहीच नाही. प्राचीनं काही विचारायला तोंड उघडलं तसा तिच्या आईनं तिचा हात दाबला. मला वाटलं, आपण उगाच बोललो. सणाच्या दिवशी माणूस घरातून निघून गेला. मागच्या अंगणात पुलावाखालचं लाकूड तडतडत होतं, ते आतपर्यंत ऐकू येत होतं.

काकूंना मात्र तसं काही वाटलं नसावं. त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि उठायला लागल्या. दोघं-तिघं धरायला धावले, त्यांनी सगळ्यांना हातानं बाजूला केलं. पलंगापासून पुढच्या दारापर्यंत अंतर ते किती, पण त्यांना वेळ लागला. कडी जरा अडकत होती. दार उघडलं तशी ऊन आणि थंडी एकदमच आत आली, आणि समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेली रंगीत लुगडी दिसली.

अनिल बोळातून वळसा घालून पायरीशी येऊन उभा होता. सकाळपासून मागच्या अंगणातल्या ओल्या मातीत वावरून त्याच्या चपला चिखलानं भरल्या होत्या. तो आत येत नव्हता आणि मागेही जात नव्हता. पंचावन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे झालेला, पण उभा राहिला होता बालवाडीत पहिल्या दिवशी उभं राहावं तसा.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे.

"चपला बाहेर काढ," त्या म्हणाल्या. "आत्ताच पुसलं हाय."